पुस्तक वाचून पोरगं गप्प झालं तर: काय करावे, काय टाळावे

लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरसारख्या गावात सदानंद देशमुखांची 'बारोमास' ही कादंबरी शिकवणं आणि पुण्या-मुंबईत शिकवणं सारखं नाही. कर्जात रुतलेलं शेतकऱ्याचं घर, शिकूनही नोकरी नसलेला एकनाथ, न येणारा पाऊस. इथल्या एखाद्या पोराने हे सगळं पुस्तकाच्या आधी घरात पाहिलेलं असतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा आज बी.ए.ला असलेली मुलं प्राथमिक शाळेत होती. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'तलं धनेगावही याच जिल्ह्यातलं. 1987 साली आलेल्या त्या आत्मकथनाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

अशी पुस्तकं इथे शिकवलीच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तास चालू असताना एखादं पोरगं उठून बाहेर गेलं तर काय करायचं, हे मराठी विभागात आधी ठरलेलं असावं.

शिकवणाऱ्यांनी काय करावे

• पुस्तक उघडण्याआधी सांगावं की यात आत्महत्या आहे, मारहाण आहे, जातीवरून होणारा अपमान आहे आणि हे कोणत्या प्रकरणात आहे. दोन वाक्यं पुरतात. शेवट आधीच कळेल याची चिंता नको, तो पोरांनी गाईडमध्ये वाचलेलाच असतो.

• बाहेर गेलेल्याला जाऊ द्यावं. तास संपल्यावर व्हरांड्यात, चारचौघांच्या कानाआड विचारावं. मुलगी असेल आणि सरांसमोर अवघडत असेल, तर एखाद्या मॅडमनी बोलावं. उत्तर आलं नाही तर खोदू नये. "कधीही ये, मी आहे," एवढं म्हणून थांबावं आणि चार दिवसांनी आपणहून चौकशी करावी.

• त्या प्रकरणाऐवजी दुसऱ्या प्रकरणावर अंतर्गत मूल्यमापनाचा प्रश्न द्यावा. त्यासाठी मुलाकडून कारण लिहून घेऊ नये.

• टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फळ्यावर लिहावा, सगळ्यांसाठी. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. मुलाच्या बोलण्यात जीव देण्याचा विचार डोकावला, तर मात्र नुसता नंबर देऊन मोकळं होऊ नये. त्याला एकटं सोडू नये, घरच्या विश्वासू माणसाला बोलावून घ्यावं आणि दवाखान्यापर्यंत सोबत जावं.

शिकवणाऱ्यांनी काय टाळावे

• "तुझ्या घरी असंच झालं होतं ना, तूच वाच." हे कधीही नको. गाव लहान आहे, कुणाच्या घरी काय घडलं हे वर्गाला ठाऊक असतं. प्रकट वाचन सरांनी स्वतः करावं.

• 'उचल्या' शिकवताना लेखकाच्या समाजातल्या पोराकडे बघून "तुमच्यात असं असतं का?" असं विचारणं ही क्रूरता आहे, मग विचारणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. पोलिसांची मारहाण, भूक, लहान पोरांना चोरी शिकवताना होणारे हाल वाचून सगळा वर्ग मान वळवून एकाच बाकाकडे बघतो. हे टाळायचं तर पहिला तास कायद्याला द्यावा. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. हजेऱ्या लावल्या, फिरण्यावर बंधनं घातली. देश स्वतंत्र झाल्यावरही तो कायदा रद्द व्हायला 31 ऑगस्ट 1952 उजाडला. गायकवाडांचा जन्म त्याच वर्षीचा. कायदा गेला तरी पोलिसांची नजर बदलली नाही, हे त्या पुस्तकाच्या पानापानात आहे. एवढं कळल्यावर वर्ग त्या पोराकडे न बघता सरकारकडे, गावाकडे आणि स्वतःकडे बघू लागतो.

• आत्महत्या कशी केली, यावर तास घालवू नये. तिला सुटका म्हणू नये, धाडस म्हणू नये, भ्याडपणाही म्हणू नये. बाप गमावलेलं पोरगं यातला प्रत्येक शब्द घरी घेऊन जातं. सावकार किती टक्क्यांनी देतो, बँक का देत नाही, मालाचा भाव कोण ठरवतो, हे विचारावं. 'बारोमास'चा जीव तिथेच आहे.

• "कुणाला सांगणार नाही," असं वचन आधी देऊन बसू नये. 18 वर्षांखालच्या मुलाने स्वतःवर झालेला लैंगिक अत्याचार सांगितला, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे त्याला समजावून सांगावं. स्टाफरूममध्ये मात्र अवाक्षर काढू नये.

विद्यार्थ्यांनी

• वाचवेना तर पुस्तक मिटा. उद्या दिवसा, मैत्रिणीसोबत बसून वाचा. रात्री खोलीवर एकट्याने तेच प्रकरण रेटू नका.

• सरांना पान दाखवा: "यापुढे मला वाचवत नाही." एवढं बोलणं पुरे आहे.

• गाईडवर भागवू नका. तिथे मरण दोन ओळींत उरकतं. लेखकाने त्या माणसाला पानोपानी दिलेली माया मूळ पुस्तकातच मिळते, आणि दुखऱ्या मनाला तिचीच गरज असते.

• रडू आलं म्हणून लाजू नका. रडणाऱ्या वर्गमित्राचा व्हिडिओ तर कधीच काढू नका.

घरच्यांनी

• पुस्तक हिसकावू नये. पोरगं बापाबद्दल, काकाबद्दल विचारू लागलं तर विषय बदलू नये. कितीतरी घरांत त्या मरणाविषयी वर्षानुवर्षं कुणी बोललेलं नसतं. आईला सगळं सांगता आलं नाही, तरी पोराजवळ बसून त्याचं ऐकता येतं.

तक्रार पुस्तकाबद्दलच असेल तर

• 2010 मध्ये रोहिंटन मिस्त्रींची 'सच अ लाँग जर्नी' मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमातून काढली गेली. विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेतला, प्रती जाळल्या आणि कुलगुरूंनी पुस्तक मागे घेतलं. ते शिकू पाहणाऱ्या मुलांना कुणी विचारलं नाही. त्या वाटेने जाऊ नये. एखाद्याचं दुखणं आणि एखाद्या गटाचा आक्षेप या वेगळ्या गोष्टी आहेत. दुखणाऱ्याला सोबत हवी असते, पुस्तक हटवून ती मिळत नाही.

• आक्षेप खरोखर असेल, तर पुस्तक पूर्ण वाचून, पान क्रमांकासह अर्ज लिहावा. तो आधी विभागप्रमुखांकडे द्यावा, मग प्राचार्यांमार्फत नांदेडला विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे पाठवावा. त्या जागी दुसरं कोणतं पुस्तक ठेवावं आणि का, हेही त्याच अर्जात लिहावं.