डायरेक्टर व्हायची घाई

जून उजाडला की हा प्रश्न घराघरांतून येतो. मुलगी एम.एस्सी. झाली, मनासारखी नोकरी मिळाली नाही, घरीच आठवी-नववीच्या दहाबारा मुलांना गणित शिकवते. ‘क्लास रजिस्टर करायला हवा ना? प्रायव्हेट लिमिटेडच करून टाकू का?’ विचारतात बहुधा वडील. मुलगी शेजारी गप्प बसलेली असते.

माझं उत्तर स्पष्ट आहे: कंपनी काढू नका. उलाढाल शून्य असली तरी कंपनीला दरवर्षी ऑडिट चुकत नाही. वार्षिक विवरणपत्रं वेळेत गेली नाहीत, तर एकेका फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये विलंब शुल्क चढत राहतं. म्हणजे दहा मुलांची फी सीएच्या बिलात जायची.

जीएसटीचा बाऊही नको. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला नोंदणी बंधनकारक होते ती वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की. महिना हजार रुपये फी धरली, तर त्यासाठी दीडशेहून जास्त मुलं लागतील. हौसेने आधीच नंबर घेतलात, तर 18 टक्के कर लावावा लागेल. हजाराचे 1,180 झाल्यावर पालक समोरच्या गल्लीतला क्लास बघतील.

आता पालकांशी थोडं कडक बोलतो. ही घाई मुलीच्या धंद्यासाठी आहे की तुमच्या उत्तरासाठी? ‘ट्यूशन घेते’ म्हणायला जीभ अडखळते, ‘स्वतःची कंपनी आहे’ म्हटलं की बरं वाटतं. स्थळाच्या बायोडेटात ‘डायरेक्टर’ शोभून दिसतं. पण ते ओझं मुलीच्या डोक्यावर येतं. उद्या तिला स्पर्धा परीक्षा द्यावीशी वाटली, लग्नानंतर गाव बदललं, किंवा शिकवणं नकोसं झालं, तर घरातला क्लास ती महिनाअखेर थांबवू शकते. कंपनी गुंडाळायची म्हणजे पुन्हा कागदपत्रं आणि खर्च. बाविसाव्या वर्षी वाट बदलायची मुभा हीच तिची खरी पुंजी आहे, ती तुमच्या प्रतिष्ठेपायी अडकवू नका. आणि तिची नजर शिक्षक भरतीवर असेल तर हेही ऐका: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. नेमणूक झाली की क्लास बंद.

मग करायचं काय? जागा भाड्याने घेतली किंवा कुणाला पगारावर ठेवलं, की शॉप अ‍ॅक्टचं बघा. छोट्या आस्थापनेला ऑनलाइन सूचना देऊन भागतं. चालू खातं किंवा कर्ज हवं असेल तर उद्यम नोंदणी करा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. व्यवसाय कराबद्दल सीएला एकदा विचारून घ्या.

सगळ्यांत दुर्लक्षित कागद मात्र आयकर विवरणपत्र. कर शून्य निघाला तरी पहिल्या वर्षापासून भरा. पुढे बँक विचारते ती गेल्या दोन-तीन वर्षांची रिटर्न्स. त्यासाठी दोनशे पानी वही पुरते: मुलाचं नाव, महिना, रक्कम, रोख की यूपीआय, पावती क्रमांक. फीसाठी वेगळं बचत खातं ठेवा, घरखर्चाची सरमिसळ नको.

नोंदणी नाही म्हणून कुणी दार ठोठावण्याआधी सोसायटीचे सेक्रेटरी येतील. जिन्यात चपलांचा ढीग, पार्किंगमध्ये आडव्या सायकली, संध्याकाळी सातचा गलका. त्यांच्याशी आधीच बोला, वेळ ठरवून घ्या. जिना मोकळा ठेवणं हा केवळ शेजारधर्म नाही. 2019 मध्ये सुरतच्या तक्षशिला इमारतीत क्लासमधल्या मुलांना आगीतून बाहेर पडायला वाट उरली नव्हती.

मुलं पन्नासच्या वर जायला लागली तर विषय बदलतो. केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कोचिंग सेंटरची व्याख्या तिथूनच सुरू होते; प्रत्येक मुलामागे किमान एक चौरस मीटर जागा आणि मध्येच क्लास सोडणाऱ्याला उरलेली फी परत, असं त्यात सांगितलं आहे. त्या टप्प्यावर सीए गाठा, भागीदारी की कंपनी हे तेव्हा ठरवा. आणि ते मुलीला ठरवू द्या. वही तिच्या हातात आहे, आकडे तिला ठाऊक आहेत.