रिळाचा धागा जाळून बघ

पोरी, खेळाच्या गणवेशाचं काम तुझ्याकडे आलंय, आणि वापरून झालेले कपडे परत घेऊन त्यांचा पुन्हा धागा करायचा ठरलाय, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. तेव्हापासून तुला लिहायचं डोक्यात होतं. मामानं आयुष्यभर कात्री चालवलीय, तर चार गोष्टी ऐकून घे.

कापड शंभर टक्के पॉलिस्टर आहे म्हणून निर्धास्त होऊ नकोस. शिलाईचा धागा, चेन, बटण, बक्रम, लेबल, इलॅस्टिक, कापडाबरोबर हे सगळंच भट्टीत जायचं असतं. पॉलिस्टर 250-260 अंशांना वितळतं. सूत वितळतच नाही, ते करपतं आणि त्याचे काळे कण गाळणीत अडकतात. लायक्रा त्या उष्णतेत टिकत नाही, सगळा रस पिवळा पडतो.

हे मी ठेच लागून शिकलो. एका ऑर्डरीत टी-शर्टचं कापड चोख होतं, पण कॉलर गळ्याला नीट बसावी म्हणून रिबमध्ये थोडा लायक्रा चालवून घेतला. उरलेले नग आणि कतरण गोळा करून पुन्हा धागा करणाऱ्या कारखान्यात पाठवून दिली. तिथं निवडायला बसलेल्या बाईंनी एक नग उचलला, कॉलर दोन्ही हातांनी ताणली आणि सोडली. ती टचकन जागेवर आली. बाई काही बोलल्या नाहीत. नग बाजूला ठेवला, मग दुसरा, मग तिसरा. अख्खा गठ्ठा परत आला. चूक माझीच होती.

तेव्हा ताण हवा असेल तर तो विणीतून आण. कमरेला नाडी घाल. इलॅस्टिक लागलंच, तर कापडावर शिवून टाकू नकोस. नेफ्यात मोकळं ठेव, म्हणजे एक टाका उसवला की ओढून निघेल.

धाग्याचं म्हणशील तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस. बाहेरून सूत आणि आत पॉलिस्टर असाही धागा मिळतो. वीतभर तोड, चिमट्यात धर, काडी ओढ. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, काळा धूर सोडतं, आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो, नखानं न चुरणारा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. मण्याबरोबर राखही दिसली तर रीळ परत कर. मात्र नायलॉनचाही मणीच होतो, म्हणून चेन आणि लेबल कशाचं आहे ते पुरवठादाराकडून लिहून घे.

बटणाच्या नावावर तर मुळीच जाऊ नकोस. बाजारात ज्याला पॉलिस्टर बटण म्हणतात ते रेझिनचं असतं, एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. खेळाच्या कपड्याला बटण हवंच कशाला? चेन लावलीस तर दात आणि पट्टी दोन्ही पॉलिस्टरचे घे. धातूची खिटी तेवढी कापून काढता आली पाहिजे. बक्रमाचा गोंद पुष्कळदा नायलॉनच्या जातीचा असतो. गळपट्टीला त्याच कापडाची दुहेरी घडी घाल, चांगली उभी राहते.

नाव-नंबर रबरी छापाचे नकोत, त्या शाईत बहुधा पीव्हीसी असतं. सब्लिमेशननं छाप, रंग धाग्यातच मुरतो. कापड फिकं घे. गडद रंग वितळवताना जात नाही, पुढचा धागाही मळकाच निघतो.

आमच्या उमेदीत टेरिकॉटचा शर्ट म्हणजे दिमाख असायचा. 67 टक्के पॉलिस्टर, 33 टक्के सूत, इस्त्रीची कटकट नाही. मी असे हजारो बेतले. पण एकाच धाग्यात पिळलेले ते दोन तंतू पुन्हा वेगळे करायचे कसे, हे तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आज त्याची रुखरुख वाटते.

पहिला नमुना शिवून झाला की एक नग मला पाठव. मी घड्याळ लावून उसवतो, आणि नाडी, चेन, लेबल काढायला किती मिनिटं लागली ते तुला कळवतो.