मातीचं मातीला, माणसाचं माणसाला

राजुरा

चि. भाचीस,

डेक्कन कॉलेजात तू प्राचीन हाडांच्या रासायनिक तपासणीचा विषय घेतलास, हे वाचून फार आनंद झाला. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगतो. यंत्रानं आकडा दिला की लगेच तो माणसाच्या आयुष्याशी जोडू नकोस. आधी विचार, हे मूलद्रव्य त्याच्या अंगातलं की मातीतलं?

घोड नदीकाठच्या इनामगावात तुमच्याच संस्थेनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या मडक्यांत पुरलेली लहान मुलं तिथे सापडली. तिथल्या मानवी हाडांतल्या सूक्ष्म मूलद्रव्यांवरून लोकांच्या आहाराचाही शोध घेतला गेला. वनस्पतिजन्य अन्नातून स्ट्रॉन्शियम जास्त मिळतं, मांसातून कमी, हा अशा शोधाचा आधार. पण पुरल्यानंतरच्या सुमारे तीन हजार वर्षांत झिरपणाऱ्या पाण्याबरोबर स्ट्रॉन्शियम, बेरियम, मँगनीज, युरेनियम हाडात शिरू शकतं, हाडातलं काही धुऊनही जातं.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचंच बघ. अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जादा आहे. ते पाणी पिऊन वाढलेल्या मुलांच्या दातांवर डाग पडतात, हाडांतही ते साठतं. पुरलेल्या हाडातही तेच फ्लोराइड शिरतं आणि हाडाच्या खनिजातल्या हायड्रॉक्सिलची जागा घेतं. म्हणजे इथलं जुनं हाड हाती आलं आणि फ्लोराइड भरपूर निघालं, तर तो जिवंतपणीचा आजार की पुरल्यानंतरची भर, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. मँगनीजचे काळपट डागही दातांवर मातीतच चढतात.

म्हणून हाडासोबत भोवतालची माती घे, थोडी दूरचीही घे. आडवा छेद घेऊन बाहेरून आत मोजत जा; कडेला जास्त आणि आत कमी असेल, तर मातीचा संशय धर. त्याच थरातल्या गवत खाणाऱ्या आणि मांस खाणाऱ्या प्राण्यांची हाडं तपास. दोघांतलं स्ट्रॉन्शियम सारखंच आलं, तर आहाराचा पुरावा पुसला गेला असं समज. शक्य तिथे दाताचं इनॅमल निवड. ते हाडापेक्षा घट्ट असतं, म्हणून मातीतलं त्यात कमी शिरतं. हाड ठिसूळ दिसलं तरी लाख किंवा डिंक लावण्याआधी तपासणीचा तुकडा बाजूला काढ, आणि जे लावशील त्याची नोंद ठेव.

ज्यांची हाडं आपण हाताळतो, त्यांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. त्यांनी न खाल्लेलं अन्न आणि त्यांना न झालेला आजार त्यांच्या नावावर लावू नकोस. खात्री झाली नाही, तर प्रबंधात तसं स्पष्ट लिही. त्यापायी प्रबंधाचं एखादं प्रकरण गळलं तरी लिही.

तुझा मामा