कोसा नेसणाऱ्या भाचीस

बाळ, माझी करवती काठाची कोसा साडी हक्कानं मागून नेलीस, बरं केलंस. आता तिच्यासोबत मावशीचे चार शब्दही ने. यातली प्रत्येक चूक मी आधीच करून ठेवली आहे, तुला नव्यानं करायची गरज नाही.

१. कधी गडचिरोलीकडे गेलीस तर कोश हातात घेऊन बघ — ऐनाच्या फांदीला देठानं लटकून ऊन-पाऊस झेललेला तो कोश सुपारीसारखा टणक लागतो, आणि त्याचा धागा तुतीच्या रेशमापेक्षा कितीतरी जाड असतो.

२. पिन लावताना घाई नको, अंगठीचं टोकही सांभाळ — कोशाचा धागा तुटण्याआधी तुतीपेक्षा जास्त ताणला जातो खरा, पण आमच्या घरात म्हणतात, ‘वादळ सोसलं, टाचणीला फसलं.’

३. नवी साडी घेताना पदराच्या गोंड्यातले दोन धागे मागून जाळून बघ — रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो.

४. इस्त्री दोन ठिपक्यांच्या वर नेऊ नकोस — रानातलं रेशीम उष्णतेत तुतीच्या रेशमापेक्षा थोडा जास्तच तग धरतं. पण तेज करपण्याच्या कितीतरी आधी जातं.

५. इस्त्री चालू ठेवून दाराशी जाऊ नकोस — मी दूधवाल्याशी अर्ध्या लिटरचा हिशोब करत राहिले, तो तपकिरी त्रिकोण अजून निऱ्यांत आहे.

६. उलट्या बाजूनं, वर सुती फडकं टाकून इस्त्री कर, आणि पाणी शिंपडू नकोस — कोशावर थेंबाथेंबाचे डाग उठतात, मग पाहुणे साडी सोडून डागच मोजतात.

७. धुवायला रिठा घे, धुण्याचा सोडा लांब ठेव — कोश सोडा घालून शिजवतात तेव्हा कुठे त्याचा चिवट डिंक सुटतो. जो कोशाला सोडत नाही, तो साडीला काय सोडणार?

८. ओली साडी पिळू नकोस, टॉवेलात गुंडाळून हलक्या हातानं दाब — ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं. ओल्या रेशमाशी आणि रडत्या पोराशी जबरदस्ती चालत नाही.

९. वाळव सावलीतच — किड्यानं ऊन सोसलं म्हणून साडी सोसेल असं नाही, उन्हानं रेशीम पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं.

१०. अत्तर नेसण्याआधी लाव, साडी सोडल्यावर रात्रभर वाऱ्याला टाक — अत्तराचे डाग आणि सुकलेला घाम गुपचूप धागा खातात, कळतं ते पुढच्या लग्नात.

११. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती धोतरात गुंडाळ आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदल — घडी मोडली तर साडी मोडत नाही.

१२. आणि नेसत जा गं — जपून जपून ठेवलेली साडी घडीतच विरते, माझ्या पहिल्या कोशाचं तेच झालं.

दिवाळीला आलीस की तो त्रिकोण निऱ्यांत कसा लपवायचा ते दाखवते. त्यात मात्र मी आता तरबेज झालेय.