गर्भपाताचा खर्च: पैसे कुठे लागतात, कुठे नाही

पाळी चुकली की पहिला खर्च तपासणीचा. लघवी तपासायचा किट औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतो, आशाताईंकडे ‘निश्चय’ किट फुकट असतो. ही तपासणी लगेच करा. गर्भपाताचे बिल आठवड्यांबरोबर चढत जाते आणि डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी आठवडाभर लांबली, म्हणजे हिशेबात पाच आठवडे झालेसुद्धा.

नऊ आठवड्यांपर्यंत मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गोळ्यांनी काम होते. गोळ्यांचा संच काही शे रुपयांचा असतो. खासगी दवाखान्यात बिल फुगते ते फी, सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि पुन्हा दाखवायला जाण्याने. म्हणून आधीच स्पष्ट विचारा: सांगितलेल्या रकमेत पुढची तपासणी आली का? गर्भ पूर्ण पडला नाही, तर पिशवी साफ करायचे पैसे वेगळे पडतील का? रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हेही विचारा. ते महाग असते.

महाराष्ट्रात बरेच औषधवाले हा संच ठेवायला कचरतात. त्यांना लिंगनिदानविरोधी कारवाईची धास्ती वाटते. नवव्या आठवड्यापर्यंत सोनोग्राफीत गर्भाचे लिंग दिसतही नाही, त्यामुळे ही भीती निराधार आहे. पण तिच्यापायी बायका वणवण फिरतात आणि दिवस जातात. चिठ्ठीशिवाय, चढ्या भावाने कुणी गोळ्या देऊ केल्या तर घेऊ नका. डॉक्टरांकडूनच घ्या. गोळ्या घेतल्यावर सलग दोन तास, तासाला दोन पॅड भिजतील इतका रक्तस्राव झाला, तर पैशांचा विचार न करता जवळचे रुग्णालय गाठा.

नऊ आठवड्यांनंतर बहुधा पिशवी साफ करावी लागते. बारा आठवड्यांपर्यंत बहुतेकदा त्याच दिवशी घरी जाता येते. त्यापुढे दाखल व्हावे लागते आणि खर्च हजारांच्या घरात जातो.

सरकारी रुग्णालयात मात्र चित्र वेगळे आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केस पेपरसकट उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयात नाहीत. प्रत्येक आरोग्य केंद्रात गर्भपाताची सोय असतेच असे नाही. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करून जा, म्हणजे फेरी आणि एसटीचे भाडे वाया जाणार नाही. खासगी ठिकाणी मान्यतेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले हवे. ते नसेल तर तिथून निघा.

1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. तरीही ती मागितली जाते आणि त्या एका मागणीपायी आठवडे जातात. हा सरळ अन्याय आहे. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची संमती लागते. बाईची ओळख बेकायदा उघड केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांमध्ये दोघांचे लागते आणि बलात्कारपीडिता, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग अशा ठरावीक गटांनाच परवानगी आहे. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही हा हक्क असल्याचे सांगितले. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय देते. त्यासाठी मंडळाला तीन दिवसांची मुदत आहे.

आरोग्य विम्यावर भिस्त ठेवू नका. प्रसूतीचे संरक्षण घेतले नसेल, तर कायदेशीर गर्भपाताचा खर्चही सहसा वगळलेला असतो.

गर्भपातानंतर दोन आठवड्यांतही पुन्हा दिवस जाऊ शकतात. सरकारी केंद्रात तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या मोफत मिळतात. मात्र ‘तांबी बसवा, तरच गर्भपात करू’ असे कुणी म्हणाले तर मान्य करू नका. तशी अट घालता येत नाही. थेट रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.