बाळंतिणीचे मन आणि आपली वस्ती

थेरी पटाचाराची कथा विहारातून पुष्कळदा सांगितली जाते. परंतु ती एका ओल्या बाळंतिणीची कथा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. श्रावस्तीच्या श्रेष्ठीची ही कन्या घरच्या नोकराशी संसार थाटून दूर खेड्यात राहिली. दुसऱ्या खेपेस दिवस भरत आले तेव्हा तिने माहेरची वाट धरली आणि वाटेतच, भर वादळात, ती प्रसूत झाली. आडोसा करण्यासाठी गेलेला पती सर्पदंशाने गेला. तान्हे बाळ ससाण्याने उचलले, थोरला मुलगा नदीत वाहून गेला, आणि माहेरचे घरही त्याच पावसात माणसांसह कोसळल्याचे कळले. तिचे भान हरपले. अंगावर वस्त्र राहिले नाही. लोक वेडी म्हणून तिला हाकलू लागले. तथागतांनी मात्र तिला ‘भगिनी’ म्हणून हाक मारली, आणि जमलेल्यांपैकी एकाने आपले उपरणे तिच्याकडे टाकले. अट्ठकथेतील हा उपरण्याचा तपशील आम्हाला फार मोलाचा वाटतो. उपदेश त्यानंतरचा. पुढे हीच पटाचारा अपत्यशोकाने खचलेल्या कित्येक स्त्रियांचा आधार झाली, याची साक्ष थेरीगाथेत आहे.

आपल्याकडे बाळंतिणीच्या शरीराची काळजी घेण्याची रीत चांगली आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेलाचे मालीश, शेकशेगडी. गरिबातल्या गरीब घरातही यातले काहीतरी होतेच. मनाचे काय? ती रडू लागली की ‘दृष्ट लागली’, बोलेनाशी झाली की ‘बाहेरचे झाले’. १९५६ साली आपल्या वाडवडिलांनी धम्मदीक्षा घेतली, तरी अशा वेळी गुपचूप देवऋषाकडून अंगारा आणणारी घरे आजही आपल्यात आहेत. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण लपवूनही चालणार नाही. आमच्याच वस्तीतील एका सुनेचे तीन आठवडे असे अंगाऱ्यात गेले. दुसरीही मुलगीच झाली म्हणून घरात कोणी तिच्याशी धड बोलत नव्हते. शेजारच्या मावशींनी तिला एकटीला जवळ बसवून विचारले तेव्हा ती म्हणाली, “बाळाला दूध पाजते, पण मला काहीच वाटत नाही हो.” तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेले. आज ती बरी आहे, परंतु ते तीन आठवडे टळू शकले असते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींना होते आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरते. त्याला आधार व झोप पुरते. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवणावरची वासना उडाली, बाळ निजले तरी हिला झोप येईना, ‘मी चांगली आई नाही’ असे ती सारखी म्हणू लागली, तर तो आजार समजावा. त्यावर उपचार आहेत. तिसरा प्रकार हजारात एक-दोघींनाच होतो, पण तो अतिशय गंभीर असतो : भास होणे, भलतेच संशय, असंबद्ध बोलणे. अशा वेळी बाईला किंवा बाळाला क्षणभरही एकटे न सोडता तडक रुग्णालय गाठावे.

हा आजार सुखवस्तूंचा, असे कोणी समजू नये. गोव्यातील २७० गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे २३ टक्के माता बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी या आजारात आढळल्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे, ही त्यातील प्रमुख कारणे होती. म्हणजे रोगाचे मूळ निम्मेअधिक घरातच असते.

मग मनाचे डॉक्टर नसलेल्या वस्तीने काय करावे? पाकिस्तानात रावळपिंडी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, घरोघर फिरणाऱ्या साध्या आरोग्य सेविकांना शिकवून त्यांच्याकडून आजारी मातांच्या भेटी घेतल्या गेल्या. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांपैकी २३ टक्के, तर इतर मातांपैकी ५३ टक्के अजून आजारी होत्या. पुढे गोव्यात हेच काम सेविकांऐवजी शेजारपाजारच्या अनुभवी आयांनी केले. त्यांना ‘सखी’ म्हणत. २०१९ सालच्या अहवालात फायदा बेताचाच दिसला, हेही सांगितले पाहिजे. पण या सख्या पदवीधर नव्हत्या, त्याच वस्तीतल्या होत्या, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. पटाचारेचे काम तरी याहून वेगळे काय होते?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तो आईला विसावा मिळावा म्हणूनच. मोलमजुरी, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनींपर्यंत तो पगारी विसावा आजही क्वचितच पोचतो. निदान घरात तरी तो मिळावा.

रुग्णालयात बाळंतपण झाले तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बाळाचे वजन करतात, ताप पाहतात. त्याच सुमारास मंडळाच्या दोन भगिनींनीही जावे. हात रिकामा नसावा. भाजी-भाकरी न्यावी किंवा तासभर बाळ सांभाळावे, म्हणजे ती झोपेल. सासूबाईंना आधी नमस्कार करावा, त्यांचे दुखणेखुपणे ऐकावे. त्या विरोधात गेल्या तर दुसऱ्यांदा दार उघडणार नाही. मग बाळंतिणीला एकटीला विचारावे : झोप लागते का? कशात मन लागते का? जीव नकोसा होतो का? हा शेवटचा प्रश्न विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘हो’ आले तर तिला एकटी ठेवू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. रात्रीबेरात्री सल्ला हवा असल्यास शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही उत्तर देतो. नवऱ्याशी बोलण्याचे काम मंडळातील पुरुषांनी घ्यावे; ते आम्हा बायकांचे तो ऐकत नाही, असा अनुभव आहे. तिने सांगितलेले मात्र विहाराच्या ओट्यावर चर्चेला येता कामा नये. तसे एकदा जरी झाले, तरी पुढची बाळंतीण ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगेल.