अठराव्या वर्षानंतर : संस्थेतून आणि बंदिवासातून बाहेर पडणाऱ्या मुलींचे अनुरक्षण

(द्वितीय वर्ष, कला)

अठरा वर्षे पूर्ण होणे ही आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात आनंदाची घटना असते. मतदानाचा हक्क मिळतो, बारावीची परीक्षा आटोपते आणि कॉलेजचे दार उघडते. परंतु आपल्याच वयाचा असा एक वर्ग समाजात आहे की ज्याच्यासाठी ह्याच वाढदिवसाला एक दार बंद होते. बालगृहात वाढलेल्या मुलीला कायद्याने १८ वर्षे पूर्ण झाल्यावर बालगृह सोडावे लागते. त्या दिवशी तिच्या हाती एक पिशवी, थोडीफार कागदपत्रे आणि 'आता तू मोठी झालीस' एवढे शब्द असतात. मोठे होण्यासाठी लागणारे बाकीचे सर्व तिने कोठून आणावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या प्रश्नावरील उपायाला शासनाच्या भाषेत 'अनुरक्षण' म्हणतात. जिल्ह्याजिल्ह्यांत 'परिवीक्षा व अनुरक्षण संघटना' अशा नावाच्या जुन्या संस्था आहेत. त्यांच्या पाटीवर हा शब्द आपण वाचलेला असतो, पण त्याच्या अर्थाकडे सहसा लक्ष जात नाही. 'अनु' म्हणजे मागून, नंतर. संस्थेचे रक्षण संपल्यानंतरही माणसाच्या मागे जे रक्षण चालत राहते ते अनुरक्षण. शब्द इतका नेमका आहे की कसोटी म्हणून तोच पुरेसा आहे. मुलीच्या मागे खरोखर काही चालत जाते का, हे पाहावयाचे.

आपल्याकडची परंपरा

निराधार स्त्रीला आसरा देण्याचे काम महाराष्ट्राला नवीन नाही. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या एका विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले, शिकविले, आणि तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले; पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली आणि १९०० साली आश्रम हिंगण्याला नेला.

ह्या संस्थांचा इतिहास वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. तेथे मुलीला किती दिवस ठेवावयाचे ह्यापेक्षा ती येथून काय होऊन जाणार ह्याचा विचार अधिक होता. मास्तरीण, परिचारिका, विणकर, छापखान्यात काम करणारी अशी काहीतरी वाट तिच्यापुढे असे. शारदा सदनातील गोदूबाई ह्या बालविधवेचा १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. त्याच पुढे आनंदीबाई उर्फ बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या आणि कर्व्यांच्या कार्यात त्यांनी आयुष्यभर साथ दिली. संस्थेतून बाहेर पडलेली स्त्री दुसऱ्या संस्थेचा आधार बनली, ह्याहून अनुरक्षणाचा चांगला दाखला कोणता?

कायदा काय म्हणतो?

आज ह्या विषयावर 'बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५' हा मुख्य कायदा आहे. त्यात मुलांचे दोन वर्ग केले आहेत. निराधार, टाकलेली किंवा घरात छळ होणारी ती 'काळजी व संरक्षणाची गरज असलेली' मुले. आणि ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे ती 'विधिसंघर्षग्रस्त' मुले. पहिल्यांसाठी बालगृह, दुसऱ्यांसाठी निरीक्षणगृह व विशेष गृह. लोकांच्या बोलण्यात मात्र ह्या सर्वांना सरसकट 'रिमांड होम' हेच नाव आहे, त्यामुळे काहीही न केलेल्या मुलीलाही त्या नावाचा डाग लागतो.

ह्याच कायद्याने अनुरक्षणाची व्याख्या केली आहे. १८ वर्षे पूर्ण झालेल्या पण २१ पूर्ण न झालेल्या, संस्थेतून बाहेर पडलेल्या व्यक्तीला पैशाचे किंवा अन्य साहाय्य देणे, असा तिचा आशय आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनी अपवादात्मक परिस्थितीत ही मदत आणखी दोन वर्षे, म्हणजे २३ पर्यंत, चालू ठेवण्याची सोय केली. सहा ते आठ जणींनी मिळून राहावयाचे तात्पुरते घर, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक, स्वतःचा धंदा काढू इच्छिणाऱ्यांना कर्जाची व्यवस्था, अशा सेवा त्या नियमांत सांगितल्या आहेत. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दरमहा ४,००० रुपये साहाय्य ठरविले आहे. ह्याशिवाय महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात व नोकरीत १ टक्का आरक्षण दिले.

यादी चांगली आहे. पण कायद्याच्या कलम ४६ मध्ये १८ वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्या मुलास आर्थिक साहाय्य 'देता येईल' अशा अर्थाची शब्दयोजना आहे. 'दिलेच पाहिजे' अशी नाही. आपल्या व्याकरणात हा क्रियापदाच्या रूपाचा साधा फरक, पण त्या मुलीच्या आयुष्यात तो हक्क आणि मेहेरबानी ह्यांमधला फरक ठरतो. हक्क असेल तर ती मागू शकते. मेहेरबानी असेल तर अधिकारी कसा भेटतो ह्यावर सारे अवलंबून.

दुसरी उणीव तयारीच्या काळाची. मूल बाहेर पडण्यापूर्वी दोन महिने त्याच्या पुढील आयुष्याचा आराखडा समितीपुढे ठेवावा असा नियम आहे. ज्या मुलीने घंटेवर उठावयाचे, घंटेवर जेवावयाचे, पन्नास जणींचे पीठ मळावयाचे पण चार जणींचा महिन्याचा किराणा कधी भरला नाही, तिला व्यवहार शिकविण्यास दोन महिने कसे पुरतील? बँकेत पैसे भरणे, एस.टी.चे तिकीट काढून परगावी जाणे, भाजीवाल्याशी घासाघीस करणे ह्या गोष्टी आपण आईच्या पदराआडून पाहत शिकतो. त्या शिकविण्याचे काम पंधराव्या-सोळाव्या वर्षापासूनच सुरू झाले पाहिजे.

तिसरी अडचण कागदांची. आरक्षण अनाथांसाठी आहे. जिचा बाप जिवंत आहे पण दारूपायी घर मोडून बसला आहे, ती अनाथ ठरत नाही. गावाकडून जातीचा दाखला आणावा तर वडिलांकडचे पुरावे लागतात, आणि ते ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याच भीतीने ती संस्थेत आलेली असते.

मुलींच्या बाबतीत वेगळे काय?

मुलगा संस्थेतून बाहेर पडला तर एखाद्या गॅरेजमध्ये किंवा हॉटेलात काम धरून तेथेच रात्री पडू शकतो. त्याचेही हाल होतातच. पण मुलीला तेवढीही मोकळीक नाही. खोली मागावयास गेली की घरमालकीण विचारते, "गाव कुठलं? वडील काय करतात? सुट्टीत कुठे जातेस?" तिन्ही प्रश्न आपल्याकडे रीतीचेच मानले जातात, आणि तिन्हींना तिच्याजवळ उत्तर नसते. खरे सांगावे तर खोली मिळत नाही, खोटे सांगावे तर ते केव्हातरी उघडे पडते. ह्या अडचणीचा वास ज्यांना लवकर लागतो ते आसरा देण्याच्या नावाखाली मुलींना फसविणारे लोक असतात.

ह्यावर समाजाने काढलेला ठरीव तोडगा म्हणजे लग्न. संस्थेतील मुलींचे विवाह थाटाने होतात, मोठी माणसे कन्यादान करतात आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. अशा विवाहांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. अनेक संसार सुखाचे झाले असतील. परंतु आपल्या समाजात सासरी सुनेचे वजन तिच्या पाठीशी कोण उभे आहे ह्यावर ठरते. नागपंचमीला, दिवाळीला माहेरचे मूळ येते. पहिले बाळंतपण माहेरी होते. आणि फारच झाले तर 'मी माहेरी निघून जाईन' हे वाक्य तिच्याजवळ असते. ज्या मुलीला हे वाक्य उच्चारताच येत नाही, तिचा संसार सुखाचा होणे सर्वस्वी दुसऱ्यांच्या चांगुलपणावर सोपविलेले असते.

म्हणून मला असे वाटते की अनुरक्षणाचा गाभा परत येण्याच्या हक्कात आहे. घर, विद्यावेतन, शिक्षण हे सर्व लागतेच. पण नोकरी सुटली, आजारपण आले, नवऱ्याने टाकले, तर जेथे जाऊन चार दिवस राहता येईल असे ठिकाण, आणि जिला 'मी आले आहे' एवढेच सांगितले तरी पुरेल अशी एक व्यक्ती, हे प्रत्येक मुलीला मिळाले पाहिजे.

ह्या बाबतीत अमरावती जिल्ह्यातील वझ्झरचे उदाहरण मोलाचे आहे. तेथे श्री. शंकरबाबा पापळकर यांनी रस्त्यावर टाकलेल्या १२३ मुलामुलींना, बहुतेक अपंग, सांभाळले आणि बाप म्हणून स्वतःचे नाव दिले. १८ वर्षांनंतर अशा मुलांना संस्थेबाहेर काढू नये, त्यांना कायमचे राहू द्यावे, असा कायदा व्हावा ही त्यांची जुनी मागणी आहे. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सर्वच मुलींना जन्मभर संस्थेत राहण्याची गरज नसते, आणि ते त्यांच्या हिताचेही नाही. पण दार बाहेरून उघडता आले पाहिजे हे तत्त्व वझ्झरने दाखविले आहे.

बंदिवासातून सुटलेली तरुणी

तुरुंगातून येणाऱ्या तरुण स्त्रीची स्थिती आणखी बिकट. देशातील कैद्यांत स्त्रियांचे प्रमाण २०२२ अखेर सुमारे ४ टक्के होते. संख्या लहान म्हणून प्रश्नही लहान मानला जातो. मुंबईतील कोठडीत स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीबद्दल पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर १९८३ साली न्यायालयाने स्त्री-संशयितांसाठी स्वतंत्र कोठडी, तेथे स्त्री-पोलीस आणि कायदेशीर साहाय्य ह्यांविषयी आदेश दिले. पुढे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीने १९८७ मध्ये स्त्री-कैद्यांविषयी अहवाल दिला.

भारतातील कैद्यांपैकी बहुसंख्य कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा खटला चालू असतो. ह्याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. शिक्षा भोगणाऱ्याची सुटकेची तारीख ठाऊक असते, कच्च्या कैद्याची नसते. जामीन मंजूर झाला की ती अचानक बाहेर पडते. पुरुष सुटला तर त्याला न्यावयास आई किंवा बायको दारात उभी असते. स्त्री सुटली तर पुष्कळदा कोणी आलेले नसते. निर्दोष ठरली तरी 'जेलात जाऊन आलेली' हे विशेषण राहतेच.

तिच्यासोबत मूल असेल तर गुंता वाढतो. २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार आईजवळ तुरुंगात मूल ६ वर्षांपर्यंत राहू शकते. नंतर नातेवाइकांनी नेले नाही तर त्याची रवानगी संस्थेत. ती मुलगी असेल तर १८ व्या वर्षी संस्थेच्या दारात उभी राहण्याची पाळी तिच्यावर येणार. म्हणजे आईचे अनुरक्षण नीट झाले तर मुलीला त्याची गरजच पडणार नाही. हे दोन प्रश्न वेगळे नाहीत.

ह्या क्षेत्रात टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून काम करतो. सुटून आलेल्यांना स्वयंसेवी संस्थांत विद्यावेतनावर उमेदवार म्हणून काम देण्याची त्यांची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. कारण तेथे पगाराबरोबरच 'मी अमुक ठिकाणी काम करते' हे उत्तर मिळते.

आपल्या कॉलेजापुरते

हा सर्व शासनाचा विषय आहे, आपण काय करणार, असे कोणी म्हणेल. माझ्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. प्रवेशाचा अर्ज वडिलांनी वाचून नव्हे, विश्वासाने सही केला. 'पालकाची सही' ह्या रकान्यात ती सही होती म्हणून मी येथे आहे. जिच्याजवळ ती सहीच नाही अशी मुलगी आपल्या वर्गात आली, तर आपण तिच्यासाठी काय करू शकतो ह्याचा विचार येथेच करणे शक्य आहे.

पहिली गोष्ट, पालकाच्या रकान्यात संस्थेच्या अधीक्षकाची किंवा स्वतः सज्ञान विद्यार्थिनीची सही विनातक्रार चालावी आणि त्याबद्दल खिडकीवर चारचौघांत चौकशी होऊ नये. दुसरी, दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह बंद होते. त्या काळात जिला घर नाही तिच्यासाठी एक खोली उघडी ठेवावी. तिसरी, 'कमवा व शिका' योजनेत अशा विद्यार्थिनींचा आधी विचार व्हावा. चौथी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थिनींनी जवळच्या बालगृहात जाऊन फळे वाटण्याऐवजी तेथील सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना अर्ज भरणे, बँक, पोस्ट, एस.टी. ह्यांचा सराव घडवावा. पाचवी, प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, आणि १८१ ह्या क्रमांकावर स्त्रियांना मदत मिळते, ही माहिती आपण स्वतः ठेवावी व इतरांना द्यावी.

आणखी एक पथ्य पाळावयास हवे. अशी मुलगी आपल्यात आली तर तिची हकिकत विचारू नये. तिला सांगावीशी वाटली तर ती सांगेल. तोपर्यंत वही, डबा आणि बाकावरची जागा आपण जशी इतरांना देतो तशीच तिला द्यावी. कायद्याच्या पुस्तकातील 'देता येईल' चे 'द्यावेच लागेल' होण्यास वेळ लागेल, त्यासाठी मागणीही करीत राहिले पाहिजे. परंतु येत्या दिवाळीत वसतिगृहाची एक खोली उघडी ठेवण्यास कोणत्याही दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. आमच्या गुरुजनांनी व विद्यार्थी-प्रतिनिधींनी एवढी एक सूचना विचारात घ्यावी, ही नम्र विनंती.